तत्त्वापायी मेला तर कोण हळहळणार? – दाय झेनने वाचलेला मेन्शियस

काळा घेवडा

"कायद्याने माणूस मेला तर त्याच्यासाठी हळहळणारं कुणीतरी निघतं. तत्त्वापायी मेला तर कोण हळहळणार?"

हे वाक्य अठराव्या शतकातल्या एका चिनी पंडिताचं. गंमत म्हणजे ते त्याने कन्फ्यूशियसची बाजू घेऊन लिहिलंय. मध्यंतरी इथेच कुणीतरी "कन्फ्यूशियस म्हणजे थोरामोठ्यांपुढे मान खाली घालायची शिकवणी" असं ठोकून दिलं होतं. तेव्हा प्रतिसाद लांबेल म्हणून सोडून दिलं. आता धागाच काढतोय, तेव्हा लांबला तर बोल लावू नका.

पंडिताचं नाव दाय झेन (१७२४–१७७७). आनह्वी प्रांतातल्या श्यूनिंगचा, बाप कापडाचा व्यापारी, घरात पैसा बेताचाच. पोरगा दहा वर्षांचा असताना पंतोजी 'थोर विद्या' हा कन्फ्यूशियस परंपरेतला ग्रंथ शिकवत होते. ह्याने विचारलं, हे कन्फ्यूशियसचे शब्द आणि शिष्याने ते पुढे दिले, हे कशावरून? पंतोजी म्हणाले, झू शींनी तसं लिहिलंय. झू शी कधीचे? सुंग काळातले. आणि कन्फ्यूशियस? झोऊ काळातले. मध्ये किती वर्षं गेली? जवळजवळ दोन हजार. मग झू शींना कसं कळलं? पंतोजी गप्प. (चरित्र शिष्यमंडळींनी लिहिलेलं आहे, फोडणी जरा जास्त पडली असणार. दोन हजारही सैल हाताने सांगितलेत, खरं अंतर सोळाशेच्या आसपास.)

प्रश्न पोरकट वाटतो, पण तो भलत्या ठिकाणी लागणारा होता. झू शीचं (११३०–१२००) कन्फ्यूशियस परंपरेतल्या चार मुख्य ग्रंथांवरचं ('थोर विद्या' त्यातलाच एक) भाष्य १३१३ मध्ये सरकारी परीक्षेसाठी प्रमाण ठरलं आणि १९०५ मध्ये परीक्षाच बंद पडेपर्यंत ते तसंच राहिलं. सरकारी नोकरी हवी तर झू शी घोका, दुसरा रस्ता नाही. दाय झेन त्या परीक्षेच्या वरच्या पायरीवर वारंवार आपटला. शेवटी १७७५ मध्ये बादशहाने खास बाब म्हणून त्याला पदवी दिली, आणि दोन वर्षांत तो गेला.

त्याची पोटापाण्याची विद्या वेगळीच होती. जुने उच्चार, जुनी गणितं, ग्रहताऱ्यांची मोजणी, प्राचीन रथांचे भाग. कारागिरांविषयीच्या एका प्राचीन ग्रंथावर त्याने चाकं, आरे, कणे काढून दाखवणारी सचित्र टीका लिहिली, तीही विशीत. त्या काळी चीनमध्ये अशा 'पुरावा दाखव' पंथाच्या पंडितांची चलती होती. तिशीत असताना वाडवडिलांच्या थडग्यांच्या जमिनीवरून भाऊबंदकी पेटली, समोरचा पैसेवाला आणि अधिकारी त्याच्या खिशात. दाय झेन जीव घेऊन पेकिंगला पळाला. अंगावरच्या कपड्यानिशी आपल्या जिल्ह्याच्या व्यापाऱ्यांच्या धर्मशाळेत राहिला. तिथे च्येन दाशीन ह्या नावाजलेल्या विद्वानाशी गाठ पडली, त्याने चार ठिकाणी शब्द टाकला आणि ह्याचं नाव झालं. 'वरचा माणूस म्हणेल तोच न्याय' हे त्याने नुसतं पुस्तकात वाचलेलं नव्हतं, एवढंच ह्यातून घ्या.

आता मुख्य पुस्तक. 'मेन्शियसमधल्या शब्दांच्या अर्थांची साधार चिकित्सा'. (मेन्शियस म्हणजे कन्फ्यूशियसनंतरचा त्याच परंपरेतला मोठा विचारवंत, आणि त्याच्या नावाचा ग्रंथ.) नाव शब्दकोशासारखं, मांडणी प्रश्नोत्तरांची, आणि आत सुरुंग. सगळ्यात जास्त जागा 'ली'ला दिलीय. ह्या 'ली'ला मी इथे तत्त्व म्हणतो. झू शीच्या परंपरेत तत्त्व हे आभाळाकडून मिळालेलं, हृदयात आधीपासून ठेवलेलं असतं. इच्छा, वासना त्याच्यावर धूळ बसवतात. म्हणून घोषणा: आभाळाचं तत्त्व राखा, माणसाची इच्छा खुडून टाका.

दाय झेन म्हणतो, जुन्या ग्रंथांत हा अर्थ कुठेच नाही, दाखवा. जुन्या वापरात 'ली' म्हणजे वस्तूतली घडण, तिचे बारीक सांधे. ह्यासाठी तो चक्क ज्वांगझी ह्या ताओवादी विचारवंताच्या गोष्टीतल्या खाटकाचा दाखला देतो, ज्याची सुरी बैलाच्या सांध्यांमधल्या मोकळ्या जागेतून जाते म्हणून तिची धार बोथटत नाही. माणसांच्या व्यवहारातली अशी घडण म्हणजे काय? त्यांच्या इच्छा, त्यांचं सुखदुःख. खाणंपिणं, संसार, जगायची ओढ. ह्या गोष्टी बाजूला सारून जे उरतं ते तत्त्व, असं म्हणणं म्हणजे बैल बाजूला सारून सांधे शोधणं झालं (हे शेवटचं माझं, त्याचं नाही).

मग तत्त्व सापडायचं कसं? त्याची कसोटी साधी आहे. दुसऱ्याला काही करायला निघालात तर शांतपणे स्वतःला विचारा, हे कुणी मला केलं तर मी सोसू शकेन का? दुसऱ्याकडून काही मागितलंत तर विचारा, हे कुणी माझ्याकडून मागितलं तर मला झेपेल का? ह्यातला 'झेपेल का' हा दुसरा प्रश्न मला फार आवडतो. 'तुम्हाला नको ते दुसऱ्याला करू नका' हे कन्फ्यूशियसचं सगळ्यांना ठाऊक असतं. पण अपेक्षांचा हिशोब, म्हणजे सासूने सुनेकडून, गुरूने शिष्याकडून, सरकारने रयतेकडून किती मागावं, हा तिथे नुसता गर्भित असतो. दाय झेन तो उघडा करून ताटात वाढतो.

आणि ही कसोटी न लावता मनातलं जे ठाम वाटतं त्याला त्याचा शब्द आहे 'मत'. सगळ्यांच्या मनाला जे पटेल ते तत्त्व, एकट्याला पटतं ते मत. भानगड कुठे होते तर मोठा माणूस आपल्या मतालाच तत्त्व म्हणतो तिथे. तो लिहितो: वरचे खालच्यांना तत्त्वावर बोट ठेवून झापतात, वडीलधारे धाकट्यांना, प्रतिष्ठित हलक्यांना. ते चुकले तरी बरोबरच. खालचे, धाकटे, हलके तत्त्वानेच भांडले तर त्यांचं बरोबर असूनही त्यांना उद्धट म्हणतात. त्यामुळे खालच्यांची साधी सुखदुःखं वर पोचतच नाहीत. आणि ह्याच परिच्छेदाच्या शेवटी ते कायद्याचं नि तत्त्वाचं वाक्य येतं.

१७७७ मध्ये, मृत्यूच्या थोडं आधी, त्याने शिष्य द्वान यूत्साईला पत्रात कळवलं की आयुष्यात लिहिलेल्या सगळ्यात हे पुस्तक सर्वांत मोठं. समकालीनांना ते पटलं नाही. त्याच्या चरित्रात पंग शाओशंगला लिहिलेलं तात्त्विक पत्र घालायचं की नाही ह्यावर वाद झाला, तेव्हा झू युन ह्या बड्या प्रस्थाचं म्हणणं पडलं की दायचं टिकण्याजोगं काम हे नव्हेच, पत्र गाळा. त्यांच्या लेखी तो रथांचा आणि उच्चारांचा माणूस. एकटा जांग श्वेचंग हा इतिहासकार मात्र म्हणाला की ह्यांना दायमधलं अस्सल तेवढंच दिसत नाही. आणि हा जांग स्वतः दायवर चिडून असायचा, हे लक्षात घ्या.

बाकी प्रतिसादांत.

---

ढब्बू पैसा

वाचतोय, जबरी धागा. एक बाळबोध शंका: इच्छा चांगली म्हटल्यावर मग 'ऋण काढून तूप प्या' आणि हे ह्यांत फरक काय उरला?

---

काळा घेवडा

@ढब्बू पैसा, फरक आहे आणि तो त्यानेच केलाय. इच्छा बिघडली की स्वार्थ होतो, ज्ञान बिघडलं की झापड येते. दोन वेगळे रोग, दोन वेगळी औषधं. स्वार्थावर औषध दुसऱ्याच्या जागी उभं राहणं, झापडेवर औषध अभ्यास. इच्छा मारणं हे दोन्हींवरचं औषध नाही. आपल्या जगण्याची ओढ पुरी करताना दुसऱ्याचीही पुरी होऊ देणं, ह्याला तो करुणा म्हणतो. तूप प्या, पण ज्याच्याकडून कर्ज काढलं त्यालाही तुपाची चव आहे हे विसरू नका.

---

पोटोबा

मेन्शियसनेच म्हटलंय ना, की चांगलं वागणं मनाला तसं रुचतं जसं जिभेला मांस रुचतं? शाकाहारी मंडळींनी पनीर समजून घ्यावं.

---

रानजाई

छान लिहिलंय. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं शांघायला होतो, तेव्हा ह्वांगशानला जाताना शशियान तालुक्यातलं थांग्वे बघितलं. दायचं गाव त्याच भागात, जुन्या ह्वीजोऊ जिल्ह्यातच. मिठाच्या व्यापारात गबर झालेल्या बाओ घराण्याचं गाव. गावात शिरायच्या वाटेवर दगडी कमानी एकामागोमाग एक, एकूण सात, तीन मिंग राजवटीतल्या आणि चार नंतरच्या, म्हणजे दायच्या काळच्या, छिंग राजवटीतल्या. निष्ठा, मातृपितृभक्ती, दानधर्म ह्यांच्या सोबतीला विधवांच्या पातिव्रत्याच्या कमानी. खालून बघताना मान दुखते इतक्या उंच, आणि वर बाईचं स्वतःचं नाव शोधाल तर नाही, अमक्याची बायको अमुक आडनावाची एवढंच. गावात बायकांसाठीचं वेगळं कुलमंदिरही आहे, चीनमध्ये अशी फार थोडी. आमचा वाटाड्या ते कौतुकाने दाखवत होता.

झू शीच्या आधीचा त्याच पंथाचा गुरू छंग यी. त्याला कुणीतरी विचारलं, विधवा उपाशी मरायची वेळ आली तर तिने पुन्हा लग्न करावं का? उत्तर: उपाशी मरणं ही क्षुल्लक बाब, शील जाणं ही फार मोठी बाब. मला दाय झेनचं 'झेपेल का' वाचताना हेच आठवलं. हे बोलणाऱ्याला स्वतःला कधी उपाशी मरायची वेळ आली होती?

(आपल्याकडच्या केशवपनाच्या वादाशी जोडायचा मोह होतोय, पण धागा भरकटेल म्हणून आवरते.)

---

काळा घेवडा

@रानजाई, दंडवत. हे माझ्या लेखात यायला हवं होतं. फक्त एक सांगतो, 'तत्त्वापायी मेला तर' ह्या उताऱ्यात दायने विधवांचं नाव घेतलेलं नाही. वरचे-खालचे, वडील-धाकटे, प्रतिष्ठित-हलके एवढ्या तीनच जोड्या आहेत. विधवांशी तो जोडला विसाव्या शतकातल्या वाचकांनी. जोड योग्यच आहे, फक्त ती आपण लावतोय हे ध्यानात असू द्यावं.

---

तिसरी घंटा

धागा चांगला असला तरी झू शीवर अन्याय होतोय असं स्पष्ट मत.

झू शीला विचारलं होतं की खाणंपिण्यात तत्त्व कोणतं आणि इच्छा कोणती. तो म्हणाला, खाणंपिणं हे आभाळाचं तत्त्व, चमचमीतच हवं म्हणून अडून बसणं ही माणसाची इच्छा. म्हणजे त्याच्या लेखी 'इच्छा' हा शब्दच हाव, आसक्ती अशा अर्थी. दाय 'इच्छा' म्हणतो ती भूक, तहान, संसार. दोघं एकच शब्द दोन अर्थांनी वापरतात आणि मग दाय जिंकल्याचा नगारा वाजवतो. दाय ज्याला 'स्वार्थ' म्हणतो तो झू शीच्या 'इच्छे'च्या अगदी शेजारी बसतो.

दुसरं, 'मनात आधीपासून ठेवलेली वस्तू' हे झू शीचं चित्रही भडक रंगवलेलं. तोही म्हणतो की एकेका गोष्टीत शिरून तिचं तत्त्व शोधा, आज एक, उद्या एक. डोळे मिटून आत बघत बसा असं सांगणारा पंथ वेगळा.

आणि तिसरं, थोडं तिरकस. तत्त्व म्हणजे 'सगळ्यांच्या मनाला पटेल ते' असं दाय म्हणतो. सगळ्यांना विचारलं कुणी? शेवटी सगळ्यांना काय पटेल हे ठरवणारा अभ्यासू पंडितच ना? म्हणजे मत परत मागच्या दाराने आत.

---

वाळूची शाळा

तिसरी घंटाशी पहिल्या दोन मुद्द्यांवर सहमत. तिसऱ्यावर नाही.

झू शीला पकडताना दायचा रोख मला झू शी ह्या माणसावर कमी आणि झू शीच्या नावाने चालणाऱ्या कारभारावर जास्त वाटतो. कांगशी बादशहाने १७१२ मध्ये झू शीची पाटी कन्फ्यूशियसच्या मंदिरात पहिल्या रांगेतल्या शिष्यांच्या पंगतीला नेऊन बसवली. त्याचा मुलगा योंगझंग तर आरोपींशी तत्त्वाच्या भाषेत वाद घालायचा आणि तो वाद छापून वाटायचा. बादशहा वाद घालतोय म्हटल्यावर निकाल काय लागणार? जांग ताययान ह्या विद्वानाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलेला मुद्दा हाच, की दायचा राग ह्या प्रकारावर होता. मला तो पटतो. कायद्याने शिक्षा केली तर निदान कलम दाखवावं लागतं. तत्त्वाने केली तर कलम नाही, वकील नाही, अपील नाही.

आणि आणखी एक. दाय १७७३ पासून जिथे काम करत होता तो 'चार कोठारां'चा ग्रंथप्रकल्प, तिथे एका हाताने देशभरचे ग्रंथ गोळा करून नक्कल होत होती आणि दुसऱ्या हाताने राजवटीला खुपणारे ग्रंथ जाळले जात होते. त्याच काळात तो घरी बसून 'वरच्यांचं मत म्हणजे तत्त्व नव्हे' लिहितोय. शब्दकोशासारखं नाव उगाच दिलं नसावं.

---

काळा घेवडा

@तिसरी घंटा, पहिला मुद्दा अर्धा मान्य. झू शी उपासमारीचा पुजारी नव्हता. पण शब्द सैल ठेवला की तो कुणाच्या हातात पडतो हे बघावं लागतं. 'इच्छा खुडा' हे वाक्य पंडिताच्या अभ्यासिकेत 'हाव सोडा' असं वाचलं जातं, आणि कुलमंदिरात म्हातारे बसले की त्याच वाक्याने पोरीला उपाशी ठेवता येतं. दायचं म्हणणं हे की ज्या नीतीत खालच्याची भूक हा पुरावा म्हणून दाखल करून घ्यायची सोय नाही, ती नीती वापरणारा सज्जन असला तरी अपाय करणारच. त्याने दुष्टांवर लिहिलेलंच नाही. स्वतःला निःस्वार्थी समजणाऱ्या, ताठ कण्याच्या, चारित्र्यवान लोकांवर लिहिलंय. स्वार्थ नाही म्हणजे आपलं मत हेच तत्त्व, अशी त्यांची खात्री असते. मला तरी हा त्याचा सगळ्यात मोलाचा शोध वाटतो.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र माझ्याकडे तोड नाही. 'हे मला झेपेल का' विचारताना 'मी' कोण? ज्याने जन्मात उपास काढला नाही त्याला वाटेल, झेपेल की! दायचं उत्तर 'अभ्यास करा, परिस्थिती बारकाईने बघा' एवढंच आहे. खालच्याला बोलू द्या, तो काय म्हणतो ते लिहून घ्या, असं तो कुठे म्हणत नाही. वडील वडीलच राहतात, धाकटे धाकटेच. त्याने वरच्यांना आरसा दिला, खालच्यांना खुर्ची नाही.

---

पोटोबा

आता गंभीर प्रश्न. दायच्या मते झू शी मंडळी बिघडली कशाने? बौद्धांमुळे आणि ताओवाद्यांमुळे! म्हणजे 'आत ठेवलेली शुद्ध वस्तू, तिच्यावरची धूळ' हे सगळं भारतातून गेलेल्या मालाच्या डोक्यावर. आपल्याकडे अनात्मवाद म्हणून वाजतगाजत गेलेला बुद्ध तिकडे आत्म्याची डबी विकताना पकडला जातो, हे जरा जास्तच होतंय.

---

वाळूची शाळा

@पोटोबा, तिकडे रुजलेला बौद्ध विचार बराचसा 'प्रत्येकात मूळचा शुद्ध बुद्धस्वभाव आहे' ह्या धाटणीचा, तेव्हा दायने समोर जे दिसलं त्यावर टीका केली. पाली ग्रंथ त्याच्यासमोर नव्हते. पण माप झुकतं आहे हे खरं. ज्या पंग शाओशंगला ते लांबलचक पत्र लिहिलं तो स्वतः बौद्ध उपासक, अमिताभाचा भक्त. त्याच्या श्रद्धेत दुसऱ्याच्या दुःखाला किती जागा आहे हे दायने 'त्याच्या जागी उभं राहून' बघितलं असं काही पत्रातून वाटत नाही.

---

गणिती कावळा

दायचा मी पंखा आहे, पण वेगळ्या कारणाने. 'नऊ अध्याय' हा चिनी गणिताचा आद्यग्रंथ जवळजवळ हरवल्यात जमा होता. मिंग काळातल्या 'योंगले' महाकोशात त्याचे तुकडे विखुरले होते, ते शोधून, जुळवून दायने ग्रंथ पुन्हा उभा केला. आज आपण तो वाचतो त्यात ह्याचा मोठा वाटा.

आणि आता दुधात मिठाचा खडा. 'जलसूत्रा'च्या टीकेचं, म्हणजे नद्यांच्या जुन्या ग्रंथाचं संपादन दायने त्याच दरबारी प्रकल्पात केलं. आपण केलेल्या दुरुस्त्या योंगले महाकोशातल्या प्रतीवरून केल्या असं त्यात म्हटलंय. झाओ यीछिंग नावाच्या आधीच्या अभ्यासकाचं हस्तलिखित त्याच प्रकल्पाकडे आलेलं होतं आणि दोघांच्या दुरुस्त्या जागोजाग जुळतात. १९३५ मध्ये महाकोशातली प्रत छापली गेली तेव्हा दिसलं की दायच्या कितीतरी दुरुस्त्या तिच्यात नाहीतच. त्याच्याही आधी वांग ग्वोवेईसारख्या नावाजलेल्या विद्वानाने दायवर उघड चोरीचा ठपका ठेवला होता. नीतीवर पुस्तक लिहिणाऱ्याने हे करावं?

---

तिसरी घंटा

"हे कुणी मला केलं तर मी सोसू शकेन का?" 😀

---

काळा घेवडा

@गणिती कावळा, वाटलंच होतं हे निघणार. झाओचा ग्रंथ छापला गेला १७८६ मध्ये, दाय गेल्यावर. तेव्हा द्वान यूत्साईने उलटाच संशय घेतला, की झाओचं पुस्तक छापणाऱ्यांनीच दायच्या दुरुस्त्या त्यात घुसवल्या. म्हणजे बोंब दोन्ही बाजूंनी. पुढे हू शी ह्या बिनीच्या विचारवंताने १९४३ पासून १९६२ मध्ये मरेपर्यंत ह्या एका खटल्यावर ढीगभर प्रती ताडून बघितल्या आणि दोघांनी स्वतंत्रपणे काम केलं असा निकाल दिला. सगळ्यांनी तो मानला नाही.

मला विचाराल तर दोन चांगले संपादक एकाच बिघडलेल्या पाठावर बसले की पुष्कळ दुरुस्त्या जुळणारच. पण 'महाकोशात असं आहे' हे जिथे तिथे नव्हतं तिथेही म्हटलं गेलं, ते दरबारी पद्धतीमुळे असो की दायमुळे, त्याचं समर्थन करता येत नाही. आणि हू शी न्यायाधीश म्हणून मला अंमळ कच्चा वाटतो, कारण खटल्याच्या कितीतरी आधी, १९२०च्या दशकात, त्याने दायच्या तत्त्वज्ञानावर कौतुकाचं अख्खं पुस्तक लिहून ठेवलं होतं. त्याला आणि ल्यांग छीछाव ह्या सुधारक विचारवंताला दायमध्ये चीनचा स्वतःचा विज्ञाननिष्ठ पूर्वज हवा होता. ल्यांगने तर १९२४ मध्ये त्याची दोनशेवी जयंती गाजवली.

पुस्तकाचं म्हणाल तर ते चोरीचं आहे असं त्याच्या शत्रूंनीही म्हटलेलं नाही. दाय गेल्यावर ते छापलं कोंग जीहानने, जो खुद्द कन्फ्यूशियसच्या वंशातला.

---

ढब्बू पैसा

कन्फ्यूशियसच्या खापरखापर... पणतवाने छापलं म्हणजे आयएसआय मार्कच की.

@गणिती कावळा, नद्यांच्या ग्रंथावर वेगळा धागा काढा ना. वांग ग्वोवेईने नेमके काय पुरावे दिले होते ते वाचायचंय.

---

गणिती कावळा

काढतो. पण त्यात प्रतींचे तक्ते येतील, नंतर जिलबी पाडली म्हणून ओरडू नका.